उत्तमभाऊंनी न खाल्लेला नाश्ता

लग्नाच्या पंगतीत उत्तमभाऊ हिवरे बसले की त्या ओळीला वाढायला एक माणूस जास्तीचा द्यावा लागे. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी तशी व्यवस्था केली होती, आणि तो जास्तीचा माणूसही शेवटी दमून मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला होता. बरं, एवढं खाऊन अंगावर मांस म्हणाल तर नावाला नाही. उंच, काटकुळे, गळ्याची घाटी वरखाली होताना लांबून दिसायची. "जातं कुठं हो तुमचं सगळं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "अशोक, म्या कधी त्याच्या मागं मागं जाऊन पाह्यलं नाई."

आम्ही दोघं वर्धेच्या एकाच जिनिंग फॅक्टरीत होतो. मी वजनकाट्यावर, ते ग्रेडर. शेतकऱ्याचा कापूस गाडीतून उतरायच्या आधी हातात घेऊन त्याची प्रत ठरवायची, हे ग्रेडरचं काम. आता त्यासाठी यंत्रं आली आहेत, पण आमचे शेठजी यंत्राचा आकडा बघून झाला की हळूच उत्तमभाऊंच्या तोंडाकडे बघायचे. उत्तमभाऊ कापसाचा पुंजका घ्यायचे, दोन अंगठ्यांत धरून ओढायचे, पुन्हा जुळवायचे, पुन्हा ओढायचे, आणि नाकाशी नेऊन एकदा वास घ्यायचे. ही चिमटीची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. दुकानातलं शर्टाचं कापड, ताटातली पोळी, रस्त्यात भेटलेल्या माणसाच्या स्वेटरची बाही, जे हाताशी येईल ते चिमटीत धरून बघत. माझा मुलगा लहान असताना त्याचे केस असेच तपासून "स्टेपल चांगला हाय", म्हणजे धागा लांब आहे, असा निकाल त्यांनी दिला, आणि माझी बायको दोन दिवस त्यावर धुमसत होती.

तोंडात एक वाक्य कायमचं बसलेलं. "आधी खा, मंग भांड." फॅक्टरीत हमाल आणि ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर गेले, की हे मध्ये जायचे, दोघांच्या हातात आलुबोंडा द्यायचे आणि तिथंच उभे राहायचे. तोंडात गरम बोंडा असताना शिवी देता येत नाही, हे त्यांचं शास्त्र. आणि खरंच, अर्धी भांडणं त्या बोंड्यातच विझायची. उरलेली भांडणं बोंड्यासोबतची तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, संपेपर्यंत.

पण या खादाड माणसाचा एक नियम होता. ज्याचा कापूस बघायचा आहे त्याच्या हातचा चहासुद्धा ते घेत नसत. निकाल आधी, चहा नंतर. एकदा समुद्रपूरकडचा एक म्हातारा शेतकरी टेम्पो घेऊन आला. सोबत घरून आणलेला डबा; त्यात भरीत, ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा. झाकण उघडं ठेवून त्याने तो डबा उत्तमभाऊंच्या नाकाखालीच मांडला. उत्तमभाऊंची घाटी दोनदा वरखाली झाली. मी काट्याच्या खिडकीतून बघत होतो. त्यांनी पुंजका घेतला, ओढला, वास घेतला आणि म्हणाले, "बावाजी, ओल हाय. दुसऱ्या नंबरात जाईन." म्हातारा भडकला, नाही नाही ते बोलला. उत्तमभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग टेम्पोच्या फाळक्यावर टेकून म्हणाले, "आता देता का भरीत?" म्हातारा बघतच राहिला. मग हसायला लागला. दोघांनी मिळून डबा संपवला, आणि मला बोटभर ठेचा आला तोही मागून घ्यावा लागला.

रविवार संध्याकाळ मात्र चायनीजची. बसस्टँडजवळ पप्पू नावाच्या पोट्ट्याचा लाल ठेला होता, त्यावर ड्रॅगन काढलेला. ड्रॅगनला मिशा होत्या, आणि त्या पप्पूच्या काकाच्या मिशांवरून काढल्या आहेत असं सगळे म्हणायचे. उत्तमभाऊ तिथं स्टुलावर बसून तीन प्लेट मंचुरियन खायचे आणि वर थोडी तर्री टाकून मागायचे. पप्पूही टाकायचा. एकदा त्यांनी विचारलं, "काऊन रे, हे खरंच चीनमधलं हाय का?" पप्पू म्हणाला, "भाऊ, कोबी सेलूची आहे, मिरची भिवापूरची आहे. नाव तेवढं चीनचं." उत्तमभाऊ विचारात पडले. येताना मला म्हणाले, "एकदा तरी चिनी मानसाच्या हातचं खाऊन पाह्यलं पायजे. नाई तं हे आपलं घरच्या घरी चाललं."

त्यांची ही इच्छा देवाने ऐकली. मी म्हणेन, जरा जास्तच मनावर घेऊन ऐकली.

त्यांची एकुलती एक मुलगी पल्लवी. नर्सिंग करून कोलकात्याच्या एका मोठ्या दवाखान्यात लागली. दोन वर्षांनी तिने फोनवर सांगितलं की तिला तिथल्याच लॅबमध्ये काम करणाऱ्या एका मुलाशी लग्न करायचं आहे. मुलाचं नाव हेन्री. घराणं चिनी, म्हणजे चार पिढ्या कोलकात्यातच, पण मूळ चीनचं. बाप नाही, मोठी बहीण आहे. आई रविवारी सकाळी टिरेटी बाजाराच्या रस्त्यावर चिनी नाश्ता विकते.

नलूवहिनी, म्हणजे उत्तमभाऊंच्या पत्नी, त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून बसल्या. त्या आठवड्यात फॅक्टरीत उत्तमभाऊंचा डबा अर्धा परत गेला, दोनदा. आमच्या इथं ती बातमी झाली. शेठजींनी मला बोलावून विचारलं, "हिवऱ्यांची तब्येत बरी आहे ना?"

पल्लवीने बापाला स्पष्ट सांगितलं होतं. "बाबा, तुम्ही नाही म्हणाल तर मी हे लग्न करणार नाही. पण मग दुसरं कोणाशीही करणार नाही. राग म्हणून नाही सांगत, आधीच सांगून ठेवते." उत्तमभाऊ म्हणाले, "मी येऊन पाहतो. मंग सांगतो." माझं हिंदी त्यांच्यापेक्षा बरं, आणि मी पूर्वी एकदा कोलकात्याला जाऊन आलो होतो, म्हणून माझं तिकीट त्यांनी मला न विचारताच काढलं. निघायच्या आदल्या दिवशी नलूवहिनी मला फाटकापाशी थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, ह्यायच्या तोंडाकडे लक्ष ठेवजा. पोरगी एकच हाय. तिचं मन मोडून परत नोका येऊ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो म्हटलं खरं, पण त्या माणसाच्या तोंडाकडे लक्ष ठेवून काय कळणार होतं, ते कायम हलतच असायचं.

वर्धेहून हावड्याची गाडी. नागपूरला संत्री घेतली, गोंदियाला समोसे, रायपूरला भजी, पुढे कुठं उकडलेले चणे. मी म्हटलं, चला, माणूस ताळ्यावर आला. पण दुसऱ्या दिवशी टाटानगर गेलं आणि ते खिडकीला डोकं टेकून बसले. झालमुडीवाला, म्हणजे तिकडचा भेळवाला, समोर दोनदा ओरडून गेला, यांनी मान वळवली नाही. मग एकदम म्हणाले, "पोट्टा वाईट निघाला तं सोपं हाय, अशोक. नाई म्हणता येते. चांगला निघाला तं काय करू?" मी म्हटलं, "चांगला निघाला तर हो म्हणा." ते म्हणाले, "तेच तं भेव वाटते." त्यांना धीर द्यायला गेलो आणि माझाच धीर गेला.

रविवारी पहाटे उजाडता उजाडता पल्लवी आम्हाला टिरेटी बाजारात घेऊन गेली. मी काय काय कल्पना केली होती, लाल कंदील, कमानी, ड्रॅगन. तसलं काही नाही. आपल्या भाजीबाजारासारखा भाजीबाजार, ओला रस्ता, कोबीची पानं पडलेली, आणि एका बाजूला फूटपाथवर ओळीने टेबलं. टेबलांवर मोठाली अॅल्युमिनियमची भांडी, त्यांतून वाफ निघत होती. एकाकडे पांढरेशुभ्र फुगलेले पाव, एकाकडे पातळ आवरणाच्या करंज्या, एकाकडे माशाच्या गोळ्यांचा रस्सा, कुठं पानात बांधलेला भात, कुठं तिळात घोळून तळलेले गोड गोळे. साडेआठपर्यंत सगळं संपून रस्ता पुन्हा भाजीचा होतो, असं पल्लवी सांगत होती. उत्तमभाऊ नाकाने सगळं घेत चालले होते. प्रत्येक टेबलापाशी त्यांचं पाऊल अर्ध्या पावलाने चुकत होतं, ते मला दिसत होतं.

शेवटच्या टेबलामागे हेन्रीची आई उभी होती. सगळे तिला मेईआंटी म्हणत. ठेंगणी, पिकल्या केसांची, फुलाफुलांचा झगा आणि त्यावर एप्रन. हेन्री मागच्या बादलीत वाट्या धूत होता. आम्हाला बघून हात पुसत आला, वाकून उत्तमभाऊंच्या पाया पडला. पल्लवीने शिकवलं असणार. मग गिऱ्हाईक आलं म्हणून पुन्हा कामाला लागला. आम्ही बाजूच्या स्टुलांवर बसलो. दहा-पंधरा मिनिटं उत्तमभाऊ नुसते बघत होते. नजर हेन्रीच्या हातांवर.

मग गर्दी थोडी विरळली तशी आंटीने आमच्यासाठी टेबल पुसलं आणि एकेक मांडायला सुरुवात केली. पाव, करंज्या, रस्सा, तिळाचे गोळे. "चिकन है, मछली है, दूसरा कुछ नहीं," ती म्हणाली. "पल्लवी बोला था ना, बाबा सब खाता है, बहुत खाता है. हम सुबह तीन बजे से बनाया."

उत्तमभाऊंनी हात जोडले. म्हणाले, "नहीं. माफ करो."

मला वाटलं, आग्रह हवा असेल. आंटीने पावाची बशी पुढे सरकवली. उत्तमभाऊंनी ती दोन बोटांनी हळूच मागे सारली. हेन्रीने चहा आणला. नको. पल्लवीने पाण्याचा ग्लास भरला. नको. ज्या माणसाने माझ्या लग्नात सत्तावीस जिलब्या खाल्ल्या, तो माणूस वाफाळत्या बशीसमोर हात मांडीखाली घालून बसला होता. आणि मला, मूर्खाला, काय आठवावं, तर निकाल आधी आणि चहा नंतर. मी मनात म्हटलं, अजून ठरलेलं नाही. किंवा ठरलं आहे, आणि ते नाही असं ठरलं आहे. नलूवहिनींना काय तोंड दाखवू, याचाच विचार करायला लागलो.

आंटीचा चेहरा उतरला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. ती बशा उचलायला लागली. "दुकान पे सब खाता है," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "घर का बात आया, तब नहीं खाता. मेरा बेटी का टाइम भी ऐसा हुआ. लडका का बाप आया, बैठा, प्लेट को हाथ नहीं लगाया, चला गया. वो शादी नहीं हुआ." हेन्री आईच्या हातातून बशी घ्यायला आला, आणि घेता घेता त्याने पल्लवीकडे बघितलं. त्या मुलाचं तोंड बघवेना.

पल्लवी तडक बापासमोर येऊन उभी राहिली. डोळे भरलेले, पण वर्धेची पोरगी, आवाज खणखणीत. "बाबा, नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा. त्यांच्या दारात उपाशी बसून त्यांचा अपमान कायले करता?"

उत्तमभाऊ गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "नाई कोण म्हणते? म्या तं हो म्हटलं."

"कधी?"

"हे काय, पाणी नाई पेलो तवा."

कोणालाच काही कळेना. मलाही क्षणभर कळलं नाही. उत्तमभाऊ चिडले. "अबे अशोक, तू तं आपल्याकडचा हायेस ना? पोरगी ज्या घरी देली त्या घरचं पाणी बाप पेते का? तिले लेकरू होईस्तोवर? मले देयाची नसती तं म्या आतापर्यंत सहा पाव खाल्ले असते. गिऱ्हाईकावाणी खाल्ले असते आन् गाडी पकडली असती. नाई खाल्लं म्हंजेच देली. हे काय सांगा लागते?"

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्याकडच्या जुन्या घरांत हा रिवाज आहे, माझ्या आजोबांनी पाळलेला मी पाहिला आहे, आणि मला आठवला तो कापसाचा चहा. मी घाईघाईने आंटीला हिंदीत सगळं सांगितलं. लेक दिली की तिला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी खायचं नाही, हे नाकारणं नाही, हे देणं आहे. आंटी ऐकत होती, पण तिचा विश्वास बसत नव्हता. तिने विचारलं, "लेकिन क्यूं? बेटी दिया तो खाना क्यूं नहीं?"

तेव्हा उत्तमभाऊ आपल्या मोडक्या हिंदीत स्वतःच बोलले. त्यांची मोठी बहीण होती, शेवंता. अल्लीपूरजवळच्या खेड्यात दिलेली. पहिल्याच दिवाळीला बाप तिच्याकडे गेला, पोरीच्या प्रेमाने जेवायला बसला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आमच्या घराण्यालेच भूक जास्त, असं ते म्हणाले. त्या दोन भाकरी शेवंताला पुढे अकरा वर्षं सासूच्या तोंडून ऐकाव्या लागल्या. सणाला, भांडणाला, उगीचच. शेवटी ती वारली तीही ते ऐकतच. "बाई," ते आंटीला म्हणाले, "मेरे वजेसे मेरी लडकी को कोई कुछ बोलना नहीं मंगता. इसलिये नहीं खाया."

मग त्यांनी हेन्रीकडे बोट दाखवलं, आणि हिंदी सोडून मला म्हणाले, "याले सांग. मंघाशी याच्या हातून एक पाव फुटला. फुटका त्यानं सोता खाल्ला आन् साबूत पल्लवीले देला. कोणी पाहून राह्यलं म्हून नाई, त्याचं ध्यानच नव्हतं आमच्याकडे. मी तवाच देली."

हेन्रीला मी ते सांगितलं, तर तो म्हणाला, "कौन सा पाव?" त्याला आठवतसुद्धा नव्हतं. पल्लवी रडत रडत हसायला लागली आणि मग तिथल्याच स्टुलावर बसली. माझ्या छातीवरून कापसाची गाठ उतरली म्हणा ना. बाजूला भाजी मांडून बसलेल्या बंगाली बाईला काही कळलं नव्हतं, तरी तीही हसत होती.

आंटी मात्र हसली नाही. ती त्या बशांकडे बघत होती. तीन वाजल्यापासूनची मेहनत तिच्यासमोर थंड होत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "बेटी का घर में नहीं खाता, ठीक है. बहन का घर में खाता?"

उत्तमभाऊ म्हणाले, "बहन का तो खाना ही पडता. भाऊबीज रहती."

"हमारा इधर भाईफोंटा," आंटी म्हणाली. कोलकात्यात आयुष्य गेलेलं, शेजारच्या बंगाल्यांचा तो भाऊबीजेसारखा सण ती लहानपणापासून बघत आली होती. तिने पिठाच्या परातीत करंगळी बुडवली, डाव्या हाताची, आणि टेबलाला वळसा घालून उत्तमभाऊंच्या कपाळावर पांढरा टिळा लावला. डावा हात बघून ते जरा दचकले. मी म्हटलं, इथं तसंच असतं. शेवंता गेल्यापासून त्यांच्या कपाळाला बहिणीचं बोट लागलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं की त्यांची घाटी वरखाली होत होती, आणि ते भुकेने नव्हतं.

पुढचं काय सांगू. नऊ पाव, दोन डझन करंज्या, तीन वाट्या रस्सा आणि तिळाचे गोळे किती ते मी मोजायचं सोडून दिलं. पाव हातात आल्यावर आधी चिमटीत धरून ओढला आणि "एक नंबर" म्हणाले. मधेच मिरची मागितली. आंटी शेजारच्या टेबलावरून उसनं आणून वाढत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता की बस्. खाता खाता त्यांनी नलूवहिनींना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "नलू, मी इथं पोट्ट्याच्या मायच्या हातचं जेवून राह्यलो." पलीकडून मग वहिनींचा रडका आवाज आला, "म्हंजे नाई म्हटलं तुम्ही? पोरीचं मन मोडलं ना शेवटी?" त्यांना समजावता समजावता उत्तमभाऊंचा रस्सा गार झाला, आणि आंटीने तो पुन्हा गरम करून दिला.

लग्न वर्धेतच झालं. उत्तमभाऊ पुढच्या वर्षी रिटायर होऊन अल्लीपूरला शेतावर राहायला गेले आणि मी नागपूरला मुलाकडे. पण दर दिवाळीला ते भाऊबीजेसाठी हावड्याची गाडी धरतात. तिथला हिशेब त्यांनी असा ठेवला होता: घर एकच, पण बहिणीच्या हातचं खायचं, लेकीच्या हातचं नाही. म्हणून तिकडे सगळं आंटी वाढायची. पल्लवीने केलेली भाजी असेल तर ती तेवढी बाजूला राहायची. सगळे त्यावर हसत, पल्लवीही हसायची.

तिसऱ्या भाऊबीजेला मीही सोबत गेलो. ती आमची अजूनपर्यंतची शेवटची भेट. रविवारची सकाळ होती, तेच टेबल, तीच वाफ. उत्तमभाऊ टिळा लावून खायला बसले होते. पल्लवी समोरच होती, रिकामी झालेली भांडी उचलत होती. भाजीवाली बंगाली बाई आता त्यांना ओळखायची. ती सहज, चेष्टेने म्हणाली, "दादा, बेटी का हाथ का पानी कब पियेगा? तीन साल हो गया, अभी तक बच्चा नहीं दिया?" वाईट बाई नव्हती. तिला ती रोजचीच गंमत वाटत होती. पल्लवी हातातली भांडी घेऊन बादलीकडे वळली, आणि तिथं वाकून आधीच धुतलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

उत्तमभाऊंच्या हातात अर्धा पाव होता. तो त्यांनी बशीत ठेवला. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. ते पोरीच्या पाठीकडे बघत राहिले.

"पल्लू," त्यांनी हाक मारली. "पाणी आण."

आंटी पटकन ग्लास घ्यायला गेली. उत्तमभाऊंनी हाताने तिला थांबवलं. "तू नाई बाई. तिले आनू दे."

पल्लवी वळली. "बाबा, अजून तर..."

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "बापानं खाल्लं म्हून शेवंताले ऐका लागलं. म्या नाई पेलो म्हून तुले ऐका लागून राह्यलं. तहान लागली हाय, आण."

तिने एप्रनला हात पुसले आणि ग्लास भरून आणला. देताना थोडं पाणी त्यांच्या गुडघ्यावर सांडलं. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि एका दमात संपवला. मग रिकामा ग्लास तिच्यापुढे धरला.

"अजून एक आण," ते म्हणाले.